भोईटेकची एकतीस दारं

"हात काढ आधी! काढ म्हणतो ना!"

मी एवढ्या जोरात ओरडलो की लांब काठी धरून उभा असलेला लिंबाजी दचकला आणि त्याची काठी कलली. म्हणजे तेही माप वाया गेलं. बाई मात्र जागची हलली नाही. माझ्या टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर तीन बोटं टेकवून, वाकून, ती काहीतरी शोधत होती. बोटं ओली होती. तिनं हात उचलला तेव्हा कागदावर तीन मळकट ठसे उमटलेले होते, नदीच्या अगदी मधोमध.

"ह्याच्यात आमचं गाव कुठंय?" ती म्हणाली.

"तुझ्या गावाचं राहू दे! हे काय करून ठेवलंस बघ. चार दिवसांचं काम आहे हे!"

माझ्या आईच्या वयाची बाई, आणि मी तिला खुशाल अगं-तुगं करत होतो. सव्वीस वर्षांचा होतो, नोकरीत अजून कायम झालो नव्हतो आणि डोक्यावर एप्रिलचं ऊन होतं. ही कारणं नाहीत, माज होता. नकाशा काढणाऱ्या माणसाला माज फार लवकर चढतो. तिपाईवर टेबल, टेबलावर चिकटवलेला कागद, वर पांढरी छत्री. जे डोळ्यांना दिसेल ते तिथंच उभं राहून कागदावर उतरवायचं. दिवसा पेन्सिलीनं, संध्याकाळी तंबूत शाईनं. आपण रेघ मारली तर ओढा आहे, नाही मारली तर नाही. महिनाभर हे केलं की आपणच हा मुलूख निर्माण केला असं वाटायला लागतं.

ही गोष्ट अडुसष्ट सालची. जागा गोदावरीकाठची. तिथले लोक नदीला गंगाच म्हणतात आणि त्या सगळ्या सपाट काळ्या पट्ट्याला गंगाथडी.

"तुझं गाव कुठलं?" मी खोडरबर शोधत विचारलं.

"भोईटेक."

"असं गाव नाही माझ्या यादीत."

"यादीत नसंल. तुमच्या म्होरं हाय की." तिनं हात लांब केला.

मी पाहिलं. काठावरच्या उंचवट्यावर मातीच्या भिंती उभ्या होत्या. सकाळीच पाहिल्या होत्या मी त्या. एकीवरही छप्पर नाही, एकीलाही दार नाही. चौकटींतून आरपार आभाळ दिसत होतं. चूल नाही, कुत्रं नाही, वाळत घातलेलं एक फडकं नाही.

"ते ओसाड आहे," मी म्हणालो.

"वसाड?" ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मंग मी कोन हाय? हडळ?"

लिंबाजी तोवर जवळ आला होता, तो हसला. त्याचं ते हसणं मला झोंबलं. लिंबाजी आमच्या खात्यात खलाशी होता, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. काठ्या, झेंडे, साखळी वाहायचं काम त्याचं, पण जमीन माझ्यापेक्षा त्याला जास्त कळायची. मला ते ठाऊक होतं आणि आवडत नव्हतं.

"बाई, नीट सांगा साहेबांला," तो म्हणाला. "नाव काय तुमचं?"

"कोंडाबाई. भोयाची हाय मी." ती त्याच्याशीच बोलायला लागली, मी जणू तिथं नव्हतोच. "आमच्याकडं लाकूड न्हाई, दादा. हितं काय झाडं हायेत? बाभळी तेवढ्या. एका घराला वाशांचा एकच जोड असतोय. दिवाळीला गंगेचं पानी उतरलं की छप्पर उतरवायचं, दार काढायचं, समदं डोक्यावर घिऊन खाली वाळूत जायचं. तिथं खोपी घालायच्या, टरबुजाच्या वाड्या लावायच्या. मिरगाला पानी वर चढाया लागलं की परत छप्पर वर. माझ्या सासूच्या सासूपासनं हेच चाललंय."

"मग आत्ता इथे कशाला आलीस?" मी विचारलं.

आता तिनं माझ्याकडं पाहिलं. "खाली बंधारा व्हनार हाय म्हने. समदं पान्यात जानार. ज्या गावाचं नाव नकाशात असंल त्याला वर माळावर जागा देनार हायेत. ज्याचं न्हाई त्याला न्हाई. तलाठ्यानंच सांगितलं. म्हनून आले."

"हे बघ, छप्पर नाही, दार नाही, माणूस नाही. त्याला मी घर म्हणू शकत नाही. जा आता. ऊन तापलं की मला लांबचं दिसत नाही."

"दार दिसलं म्हंजे घर म्हनताल का?"

"आधी जा तू!"

ती गेली. उताराला लागली आणि वाळूत उतरून दिसेनाशी झाली. मी ठसे खोडायला बसलो. दोन गेले, तिसरा काही केल्या जाईना. मी शिव्या घालत होतो आणि लिंबाजी छत्रीच्या सावलीत बसून तंबाखू मळत होता.

तासाभरानं तो उठून उभा राहिला. "साहेब, ते बघा."

वाळूतून चार बाया येत होत्या. चौघींच्या डोक्यावर मिळून एक दार होतं. अख्खं, जाड, जुनं, खालच्या बाजूला पत्र्याचा निळा तुकडा ठोकलेलं दार. पुढं कोंडाबाई. एप्रिलातल्या दहा वाजताच्या उन्हात, अनवाणी, त्या तापलेल्या वाळूतून चालत आल्या. टेकावर चढल्या. एका चौकटीपाशी थांबल्या, दार उभं केलं, दोघींनी खालून उचललं, दोघींनी वरून धरलं. दाराचा वरचा खुंट चौकटीच्या भोकात गेला, खालचा दगडातल्या खळग्यात बसला. कोंडाबाईनं दार एकदा उघडलं, एकदा लावलं. मग कडी घातली. कडी बरोबर कोयंड्यात पडली. तो आवाज मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आला.

छप्पर नसलेल्या घराला कडी घालून ती बाई बाहेर उभी होती.

"आता म्हना वसाड," ती तिथूनच ओरडली.

  लिंबाजी मला न विचारता खाली वाळूत गेला आणि खोपी मोजून आला. एकतीस. मग त्यानं टेकावरच्या चौकटी मोजल्या. एकतीस.

हा कागद मी परवा पुन्हा पाहिला, छापलेला, काचेच्या चौकटीत घातलेला. जुन्या नकाशांचं प्रदर्शन होतं. खाली बारीक अक्षरांत मोजणी करणारा म्हणून माझं नाव. एक चष्मेवाला तरुण मला म्हणाला, "आजोबा, काय सुंदर हात होता हो तुमचा! नदीची वळणं बघा, अगदी जिवंत." मी त्याला म्हणालो, "गाढवा, जरा टेकावर बघ." त्याला काही कळलं नाही. कळणार कसं? तिथं फक्त तुटक रेघा आहेत.

त्या संध्याकाळी मी देवस्थळीसाहेबांच्या तंबूत गेलो. आमच्या कॅम्पचे ते प्रमुख. हुशार माणूस. वाईट नव्हता, हीच तर पंचाईत आहे. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. ते पेल्यातून चहा पीत बसले होते.

"सर, भोईटेकला लोक राहतात."

"कुठे राहतात?"

"आत्ता खाली वाळूत आहेत. पण घरं वर आहेत."

"वाळूतल्या झोपड्या दाखवायच्या नाहीत. पावसाळ्यात त्या नसतात."

"म्हणून वरची घरं दाखवतो."

"छप्पर आहे?"

"खाली नेलंय."

"मग पडकी दाखव."

"सर, खाली छप्पर आहे म्हणून वर नाही! एकच आहे त्यांच्याकडे. वर गेलं की खाली नाही, खाली गेलं की वर नाही. आपण वर बघून म्हणतो ओसाड, खाली बघून म्हणतो तात्पुरतं. मग ही एकतीस घरं मांडायची कुठे?"

"ओरडू नकोस, कारखानीस."

"चौकटीत दार बसतं, सर. मी स्वतः पाहिलंय."

"आपल्या चिन्हांच्या तक्त्यात दाराचं चिन्ह आहे का?" त्यांनी शांतपणे विचारलं. मग यादी काढून माझ्यापुढं धरली. नावांच्या यादीवर शेजारच्या शेलगावच्या पोलीस पाटलाची सही होती. भोईटेकपुढं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: ओसाड. का लिहिलं होतं ते सांगायला ज्योतिषी नको. माळावरची जागा मोजकी होती आणि भोयांना शेजारी कोणाला हवे असतात?

"पाटील खोटं बोलतोय," मी म्हणालो.

"असेल. मग तू लेखी दे. मी शीट अडकवून ठेवतो. पावसाळ्यात कोणीतरी येऊन खात्री करायची. कोण येणार? तू येशील? पावसाळ्यात आपण सगळे ऑफिसात असतो, हे तुला माहीत आहे. शीट वर्षभर लटकणार आणि का लटकलं म्हणून विचारलं की तुझं नाव निघणार. तुझं कायम व्हायचं आहे ना अजून?"

एवढंच. धमकी नव्हती ती, काळजीनं बोलत होते.

आणि तिथं मला पहिल्यांदा कळलं की आम्ही सगळे दिवाळीनंतर बाहेर पडणारे आणि पावसाच्या आधी परतणारे लोक. आमच्यातल्या एकानंही ही नदी भरलेली पाहिली नव्हती. तिचं पाणी कुठवर चढतं ते आम्ही लोकांना विचारून लिहीत होतो, आणि लोक कुठं राहतात ते मात्र लोकांना विचारत नव्हतो. हे मला कळलं, नीट कळलं, आणि तरीही मी तंबूत परत जाऊन कंदिलापाशी बसलो, काळ्या शाईचं पेन घेतलं आणि टेकावर पडक्या भिंतींच्या तुटक रेघा मारल्या. एकतीस मारल्या नाहीत. त्या मापात बारा-तेराच मावतात. बाजूला लिहिलं, ओसाड. माझं अक्षर फार चांगलं होतं.

लिंबाजी तंबूच्या दारात उभा राहून बघत होता. "मांडलं?" त्यानं विचारलं.

"तुझं काम बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा मुक्काम हलला. गाड्यांवर सामान चढत होतं तेव्हा कोंडाबाई आली. काखेत एक टरबूज होतं, चांगलं पाच-सहा शेराचं. तिनं ते माझ्या पेटीवर ठेवलं.

"लेकरावानी हाय बघा, नाजूक धरा," ती म्हणाली. "मांडलं ना आमचं गाव?"

आता हे नीट ऐका. मला दोन शब्द बोलायचे होते: नाही मांडलं. ती ओरडली असती, रडली असती, तालुक्याला गेली असती, कोणाचे तरी पाय धरले असते. बंधाऱ्याला अजून दोन वर्षं होती. काहीतरी केलं असतं तिनं. जी बाई दार डोक्यावर घेऊन वाळू तुडवत आली ती गप्प बसणारी नव्हती. पण गाडीवान खोळंबला होता, देवस्थळीसाहेब घड्याळ बघत होते आणि तिच्या तोंडाकडं बघून मला ते दोन शब्द बोलवेनात.

"यंदा छप्पर नव्हतं ना," मी म्हणालो. मोठ्या आपुलकीनं म्हणालो. "म्हणून जरा अडचण झाली. पण काळजी करू नका. पुढच्या हंगामात तपासायला माणूस येतो."

"खरंच?"

"येतो तर! त्या वेळी छप्पर असू द्या, म्हणजे झालं. दारं लावलेली असू द्या. घरात राहा."

"कवा येतो?"

"दिवाळीनंतर. कधीही."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "दिवाळी ते मिरीग," ती पुटपुटली. "म्हंजे खाली जायचंच न्हाई की मंग."

"एक वर्षाचाच प्रश्न आहे," मी म्हणालो.

"तुमीच येताल का?"

"मीच येईन बहुतेक."

"या मंग. तवा आमच्या हातचा मासा खावा लागंल." तिनं माझ्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. कडाकड मोडली. गाडी निघाली. मी टरबूज मांडीवर घेतलं होतं. पुढच्या मुक्कामापर्यंत, म्हणजे सतरा मैल, लिंबाजी माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. टरबूज कापलं तेव्हा त्यानं त्याची फोड घेतली नाही. मला त्याचा भयंकर राग आला होता.

त्याच वर्षी मी कायम झालो. पुढं बारा वर्षं नोकरी केली, बढती मिळाली, दोन मुलं झाली. ऐंशी साली बंधाऱ्यानंतर सरकलेल्या गावांची पाहणी करायला मला पुन्हा गंगाथडीला पाठवलं. शेलगाव माळावर गेलं होतं. सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, मारुतीचं नवं देऊळ. टेकाच्या जागी पाणी होतं, सपाट आणि शांत.

गावाच्या वेशीबाहेर रस्त्याकडेला एक म्हातारी मासे विकत बसली होती. चार दगडांवर फळी टाकलेली आणि फळीवर मासे. मी पुढं निघून गेलो होतो. मग थांबलो आणि मागं आलो. फळीच्या एका टोकाला निळ्या पत्र्याचा तुकडा ठोकलेला होता. कडी अजून होती. ती खाली लोंबत होती.

"काय बघताव? मरळ हाय, ताजी," ती म्हणाली. मग तिनं डोळ्यांवर हात धरला. "आरं... छत्रीवालं साहेब?"

"कोंडाबाई."

"आलाव व्हय!" ती हसली. तोंडात दोन-तीनच दात उरले होते. "लई उशीर केलाव."

मी समोर उकिडवा बसलो. "बाकीचे कुठं आहेत?"

"कुठं न् कुठं. कोन ऊसतोडीला गेलं ते तिकडंच ऱ्हायलं. कोन परभनीला. आमचं नाव नव्हतं ना यादीत. वसाड गावाला कोन जागा देनार?" तिनं हे रागानं म्हटलं नाही. राग असता तर बरं झालं असतं. "पर आमी बसलो व्हतो, साहेब. तुमी सांगितल्यापरमानं. एकानं पन छप्पर काढलं न्हाई."

"कधी?"

"त्याच साली. दिवाळी ते मिरीग. मीच म्हनले समद्यांला, साहेबानं शबूद दिलाय. एक बी वाडी लावली न्हाई. खाली वाळू मोकळी पडलेली, आन् आमी वर दारं लावून बसलेलो. पैल्यांदाच बघितला आमी टेकावरचा उन्हाळा, लई तापतंय तिथं. रोज एक मानूस छपरावर चढून बघायचा, पांढरी छत्री येतीया का म्हनून." ती माशांवरच्या माश्या हाकलत होती. "फागुनात दानं संपलं. लोकं मला शिव्या द्यायला लागले. माझा मधला पोरगा म्हनला, आये, कुनी येत न्हाई, मी जातो कुठं तरी कामाला. गेला. त्यो काय परत आला न्हाई."



आमच्या खात्यात दुसऱ्या वर्षी तपासायला कोणी जात नाही. कधीच गेलं नव्हतं. एकदा शीट छापलं की वीस-वीस, तीस-तीस वर्षं तिकडं कोणी फिरकत नाही. हे मला अडुसष्ट साली ठाऊक होतं. पेटीवर टरबूज ठेवलं होतं तेव्हाही ठाऊक होतं. शाईनं मारलेल्या रेघांचा दोष मी देवस्थळींवर ढकलू शकतो, पाटलावर ढकलू शकतो, त्या तक्त्यावर ढकलू शकतो. पण 'येतो तर' हे मला कोणी म्हणायला सांगितलं नव्हतं. ते मी आपणहून म्हणालो, फक्त ती बाई माझ्या गाडीसमोरून बाजूला व्हावी म्हणून. आणि एकतीस घरं एक अख्खा हंगाम दारं लावून बसली.

"येक विचारू का?" कोंडाबाई म्हणाली. "मनात ऱ्हायलंय. तुमी खरंच येनार व्हता का?"

बारा वर्षांनी पुन्हा दोनच शब्द: नव्हतो येणार. मी अडतीस वर्षांचा होतो, हाताखाली माणसं होती, मला आता कोणी नोकरीवरून काढणार नव्हतं. आणि मी काय केलं? मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणालो, "निघालो होतो हो. निघताना आजारी पडलो. टायफॉईड. तीन महिने अंथरुणावर होतो."

"आगं बया!" तिनं हातातली मासळी खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले. माझ्यासाठी! "मला वाटलंच व्हतं. मी म्हनत व्हते समद्यांला, मानूस तसा न्हाई, कायतरी झालं आसंल त्याला. कुनी ऐकलं न्हाई माझं. आता बरं हाय ना?"

"बरं आहे."

"जिवापरीस काय हाय, बाबा. गाव गेलं तर गेलं."

मग तिनं सगळ्यात मोठी मरळ उचलली, दारावर ठेवून साफ केली आणि एरंडाच्या पानात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी नको म्हणालो. ती रागावली. "तवाच बोलले व्हते ना, आमच्या हातचा खावा लागंल म्हनून?"

मी तो मासा घेतला. डाकबंगल्यावर आलो, खानसाम्याला दिला, त्यानं तो तळून आणला. मी ताटावर बसलो.

आणि सगळा खाल्ला.